स्वतंत्र डायनो चाचणी

स्वतंत्र डायनो चाचणी म्हणजे मोटारगाडीच्या उत्पादकाशी संबंध नसलेल्या नियतकालिकाने, कार्यशाळेने किंवा गाडीच्या मालकाने डायनामोमीटर या यंत्रावर गाडीची शक्ती आणि टॉर्क मोजणे होय. डायनामोमीटरला व्यवहारात संक्षेपाने 'डायनो' म्हटले जाते. कारखान्यातून आलेली, कोणताही बदल न केलेली गाडी 'स्टॉक' गाडी म्हणून ओळखली जाते. अशी गाडी उत्पादकाने जाहीर केलेली शक्ती प्रत्यक्षात देते की नाही, हे पडताळणे हा या चाचणीचा मुख्य हेतू असतो. टर्बोचार्जर बसवलेल्या वेगवान गाड्यांच्या बाबतीत ही चाचणी विशेष प्रचलित आहे. त्यांची शक्ती टर्बोच्या दाबावर आणि संगणकीय नियंत्रणावर अवलंबून असल्यामुळे जाहीर आकडा आणि प्रत्यक्ष शक्ती यांत मोठा फरक पडू शकतो.

उत्पादक जाहीर करतो ती शक्ती इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर मोजलेली असते. स्वतंत्र चाचणीत मात्र ती बहुधा चाकांवर मोजली जाते. त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. एकाच गाडीचे वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे आकडे येऊ शकतात. म्हणून चाचणीचा निकाल यंत्राचा प्रकार, हवामान, इंधन आणि दुरुस्तीची पद्धत यांसह वाचणे आवश्यक ठरते.

इतिहास

फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या अक्षावर घर्षणाचा ब्रेक दाबून यंत्राची शक्ती मोजण्याची पद्धत मांडली. हे साधन 'प्रोनी ब्रेक' या नावाने ओळखले जाते. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी पाण्याच्या विरोधावर चालणारा डायनामोमीटर तयार केला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १८९१ मध्ये रेल्वे इंजिनाची चाके फिरत्या आधारचक्रांवर ठेवून त्याची चाचणी घेणारी प्रयोगशाळा उभी राहिली. वाहन जागेवर ठेवून त्याची चाके फिरवण्याची हीच कल्पना पुढे मोटारगाडीच्या चासी डायनामोमीटरमध्ये आली.

अमेरिकेत १९७१ पर्यंत बहुतेक उत्पादक 'ग्रॉस' अश्वशक्ती जाहीर करीत. ती मोजताना इंजिनावर पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर यांसारखी गाडीतील नेहमीची साधने नसत. १९७२ पासून ही साधने जोडून मोजलेली 'नेट' शक्ती जाहीर होऊ लागली आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदोपत्री एकदम खाली आले.

मोजमापाचे तत्त्व

टॉर्क म्हणजे अक्षाला फिरवणारा पीळ, तर शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि वेग दर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये घेतल्यास, त्यांच्या गुणाकाराला ९,५४९ ने भागून शक्ती किलोवॅटमध्ये येते. उदाहरणार्थ, ५,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या इंजिनाची शक्ती सुमारे २०९ किलोवॅट असते.

हीच शक्ती ब्रिटिश अश्वशक्तीत (७४५.७ वॅट) सुमारे २८१, तर युरोप व जपानमध्ये रूढ असलेल्या मेट्रिक अश्वशक्तीत (७३५.५ वॅट) सुमारे २८५ भरते. दोन देशांतील आकड्यांची तुलना करताना हा फरक पुष्कळदा नजरेआड होतो.

टॉर्क पाउंड-फुटात आणि शक्ती ब्रिटिश अश्वशक्तीत मांडल्यास भाजकाचे मूल्य ५,२५२ असते. त्यामुळे या एककांतील दोन्ही वक्ररेषा समान प्रमाणपट्टीच्या आलेखावर ५,२५२ फेऱ्यांवर एकमेकींना छेदतात. त्या तिथे छेदत नसतील, तर फेऱ्यांची नोंद किंवा आलेखाची मांडणी चुकली आहे असे समजावे.

डायनामोमीटरचे प्रकार

इंजिन डायनामोमीटर : इंजिन गाडीबाहेर काढून थेट यंत्राला जोडले जाते. उत्पादक आणि प्रमाणन संस्था ही पद्धत वापरतात. स्वतंत्र परीक्षकाला ती सहसा परवडत नाही, आणि इंजिन उतरवल्यावर 'गाडी जशी आहे तशी' तपासण्याचा हेतूही उरत नाही.

जडत्व डायनामोमीटर : गाडीची चाके जड रोलरवर ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला जातो. रोलरचे जडत्व माहीत असते. तो किती त्वरेने वेग घेतो यावरून शक्ती काढली जाते. मोजणी काही सेकंदांत संपते आणि एकाच यंत्रावर पुन्हापुन्हा जवळजवळ सारखे निकाल मिळतात. अमेरिकेतील डायनोजेट कंपनीची यंत्रे या प्रकारासाठी प्रसिद्ध आहेत.

भार डायनामोमीटर : रोलरला आवर्ती विद्युतप्रवाहावर चालणारा ब्रेक किंवा विद्युत मोटार जोडून विरोध निर्माण केला जातो. इंजिन ठरावीक वेगावर स्थिर ठेवून मोजणी करता येते आणि रस्त्यावरच्या भाराचे अनुकरण करता येते. मस्टँग (अमेरिका) आणि माहा (जर्मनी) या कंपन्यांची यंत्रे या गटात मोडतात.

हब डायनामोमीटर : चाके काढून यंत्र थेट हबला जोडले जाते. टायरची घसरण, टायरमधील हवेचा दाब आणि गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण यांमुळे येणाऱ्या चुका यात टळतात.

क्रँकशाफ्टवरील आणि चाकांवरील शक्ती

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर यांमधून चाकांपर्यंत जाताना तिचा काही भाग घर्षणात व तेल घुसळण्यात खर्च होतो. रोलरवर टायरची विकृती हेही व्ययाचे एक मोठे कारण असते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत हा व्यय सहसा अधिक असतो.

चाकांवरील आकड्यावरून क्रँकशाफ्टवरील शक्ती काढण्यासाठी अनेकदा '१५ टक्के व्यय' असे ठोकताळ्याचे प्रमाण धरले जाते. त्याला भक्कम आधार नाही. व्ययाचा काही भाग वेगावर, काही भाग वाहून नेलेल्या टॉर्कवर, तर काही भाग तेलाच्या तापमानावर अवलंबून असतो. म्हणून सर्व गाड्यांना लागू पडेल असे एकच प्रमाण असू शकत नाही. शिवाय इंजिनाची शक्ती वाढवली म्हणून व्यय त्याच टक्क्याने वाढतो, असेही नाही.

काही यंत्रे कमाल वेग गाठल्यानंतर गाडी इंजिनापासून विलग करून रोलर मंदावण्याचा दर मोजतात आणि त्यावरून व्यय ठरवतात. ही पद्धत ठोकताळ्यापेक्षा बरी आहे. तथापि मंदावताना गिअरच्या दात्यांवर पूर्ण भार नसल्यामुळे भाराखालील व्यय तीत पुरता पकडला जात नाही.

हवामान दुरुस्ती

इंजिनाला मिळणारा प्राणवायू हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता यांवर अवलंबून असतो. वेगवेगळ्या दिवशी व ठिकाणी झालेल्या चाचण्यांची तुलना करता यावी म्हणून मोजलेला आकडा प्रमाण हवामानाला अनुसरून दुरुस्त केला जातो. अमेरिकेचे एसएई जे१३४९ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १५८५ ही मानके २५ अंश सेल्सियस तापमान व कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब हा आधार धरतात. काही कार्यशाळा अजूनही एसएईचे जुने मानक वापरतात. त्यात सुमारे १५.६ अंश सेल्सियस तापमान आणि सुमारे १०१.३ किलोपास्कल दाब गृहीत असल्याने तीच गाडी सुमारे ४ टक्के अधिक शक्तिशाली दिसते. म्हणून आलेखावर दुरुस्तीचे मानक नोंदवलेले असणे महत्त्वाचे आहे.

आयएसओ १५८५ नुसार पेट्रोल इंजिनासाठीचा दुरुस्ती गुणक ०.९३ ते १.०७ या मर्यादेत असावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात कोरड्या हवेचा दाब ९३ किलोपास्कल आणि तापमान ३० अंश असल्यास या सूत्राने गुणक सुमारे १.०९ येतो, म्हणजे तो मानकाच्या मर्यादेबाहेर जातो. मुंबईत समुद्रसपाटीवर हीच दुरुस्ती बरीच लहान असते.

टर्बोचार्ज्ड गाड्यांचे विशेष प्रश्न

टर्बोचार्जर निष्कास वायूंच्या ऊर्जेवर फिरतो आणि इंजिनात दाबाखाली हवा भरतो. या अतिरिक्त दाबाला 'बूस्ट' म्हणतात. त्यामुळे टर्बोरहित गाडीत न उद्भवणारे काही प्रश्न चाचणीत उभे राहतात.

दुरुस्तीची अतिशयोक्ती : आधुनिक टर्बो इंजिनाचा नियंत्रण संगणक सेवन नलिकेतील निरपेक्ष दाब ठरावीक पातळीवर राखण्याचा प्रयत्न करतो. बाहेरची हवा विरळ असल्यास टर्बो अधिक वेगाने फिरून उणीव भरून काढतो. इंजिनाची शक्ती मुळात फारशी घटलेली नसताना पूर्ण दुरुस्ती गुणक लावल्यास निकाल वास्तवापेक्षा मोठा दिसतो. उंच ठिकाणच्या चाचण्यांत ही चूक विशेष जाणवते.

उष्णता : रस्त्यावर धावताना इंटरकूलरवर वेगाने वारा येतो. बंदिस्त खोलीतील पंखा तेवढा वारा देऊ शकतोच असे नाही. लागोपाठ मोजण्या घेतल्यास इंटरकूलर तापतो, इंजिनात जाणारी हवा गरम होते आणि नॉकिंग टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो. परिणामी दुसरी व तिसरी मोजणी पहिलीपेक्षा कमी येऊ शकते.

इंधन : नॉकिंगला रोखण्याची क्षमता इंधनाच्या ऑक्टेन अंकावर अवलंबून असते. उच्च ऑक्टेनसाठी रचलेली टर्बो गाडी साध्या पेट्रोलवर चालवल्यास ती बिघाडाविना चालेल, पण शक्ती कमी देईल. अशा चाचणीवरून उत्पादकाला दोष देणे अन्यायाचे ठरते.

भाराचा कालावधी : टर्बोला पूर्ण दाब निर्माण करण्यास वेळ लागतो. खालच्या गिअरमध्ये हलका रोलर झपाट्याने वेग घेतो आणि बूस्ट पूर्ण होण्यापूर्वीच इंजिन वरच्या फेऱ्यांत पोहोचते. म्हणून मोजणी सहसा १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये घेतली जाते.

क्षणिक बूस्ट : काही गाड्या पूर्ण थ्रॉटलवर थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. फोर्ड फिएस्टा एसटीच्या २०१३ च्या युरोपीय आवृत्तीची जाहीर शक्ती १८२ मेट्रिक अश्वशक्ती होती. तथापि तिचे इंजिन सुमारे २० सेकंदांपर्यंत २०० च्या आसपास शक्ती देऊ शकत असे. डायनोवरील मोजणी याहून कमी वेळात संपत असल्याने तिच्यात हा वरचा आकडा दिसणे स्वाभाविक आहे.

चाचणीची पद्धत

विश्वसनीय चाचणीसाठी पुढील दक्षता घेतली जाते.

• गाडी खरोखर स्टॉक असल्याची खात्री करणे. प्रसिद्धीसाठी उत्पादकाने पुरवलेल्या गाडीपेक्षा विक्रीकेंद्रातून विकत घेतलेली गाडी अधिक प्रातिनिधिक मानली जाते.
• इंजिन व गिअरबॉक्सचे तेल कार्यतापमानाला आणणे; टायरमधील हवेचा दाब व इंधनाचा प्रकार नोंदवणे.
• चाकांची घसरण रोखणाऱ्या प्रणाली नियमपुस्तिकेनुसार बंद करणे. केवळ दोन चाके फिरताना दिसल्यास संगणक घसरण झाली असे समजून शक्ती कमी करू शकतो.
• किमान तीन मोजण्या घेणे, त्यांमध्ये थंड होण्यास पुरेसा अवधी देणे आणि केवळ सर्वोच्च नव्हे तर सर्व निकाल देणे.
• प्रत्येक मोजणीत सेवन हवेचे तापमान, बूस्ट, इंधन-हवा प्रमाण आणि ठिणगीची वेळ यांची नोंद ठेवणे.
• दुरुस्त न केलेला आकडा, दुरुस्तीचे मानक आणि गुणक हे तिन्ही जाहीर करणे.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीत आणखी एक अडचण येते. टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण जोडलेला नसल्यास तो टॉर्क वाढवून पुढे पाठवतो आणि खालच्या फेऱ्यांवरील टॉर्कचा आकडा फुगतो.

उल्लेखनीय उदाहरणे

टोयोटा जीआर सुप्रा

टोयोटाची जीआर सुप्रा २०१९ मध्ये बाजारात आली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे तयार होणाऱ्या या गाडीत बीएमडब्ल्यूचे बी५८ हे तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन होते. अमेरिकेतील २०२० च्या मॉडेलसाठी ३३५ अश्वशक्ती व ३६५ पाउंड-फूट (सुमारे ४९५ न्यूटन-मीटर) टॉर्क जाहीर करण्यात आला. अमेरिकन नियतकालिक 'कार अँड ड्रायव्हर'ने घेतलेल्या चाचणीत चाकांवर ३३९ अश्वशक्ती आणि ४२७ पाउंड-फूट (सुमारे ५७९ न्यूटन-मीटर) टॉर्क नोंदला गेला. म्हणजे शक्तिवहनातील व्यय वजा जाऊनही चाकांवरचा आकडा जाहीर आकड्यापेक्षा मोठा आला.

या निकालातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे पाहण्यासारखे आहे. व्यय शून्याहून अधिक असतोच. त्यामुळे यंत्राचे अंशांकन आणि दुरुस्ती योग्य असल्यास, त्या गाडीचे इंजिन जाहीर शक्तीपेक्षा अधिक शक्ती देत होते असे म्हणता येते. ते किती अधिक, हे मात्र गृहीतकावर ठरते. १२ टक्के व्यय धरल्यास क्रँकशाफ्टवर सुमारे ३८५, तर १५ टक्के धरल्यास सुमारे ३९९ अश्वशक्ती येते. मोजणी एकच असून केवळ गृहीतक बदलल्याने १४ अश्वशक्तीचा फरक पडतो. २०२१ च्या मॉडेलसाठी टोयोटाने ३८२ अश्वशक्ती जाहीर केली. त्यात निष्कास नलिका व दट्ट्ये यांची रचना बदललेली असल्याने हा आकडा आधीच्या चाचणीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

जपानमधील २८० अश्वशक्तीची मर्यादा

जपानी उत्पादकांनी १९८९ पासून देशांतर्गत गाड्यांची जाहीर शक्ती २८० मेट्रिक अश्वशक्तीपर्यंत मर्यादित ठेवण्याचा संकेत स्वेच्छेने पाळला. त्याच वर्षी आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) या २.६ लिटरच्या, दोन टर्बो असलेल्या गाडीची शक्तीही २८० च जाहीर झाली. पुढील काळातील अनेक टर्बो गाड्या प्रत्यक्षात या आकड्याच्या पुढे जात असल्याचे सर्वत्र मानले जाते. हा संकेत २००४ मध्ये संपुष्टात आला आणि होंडा लेजंड ही ३०० अश्वशक्तीची गाडी विक्रीस आली.

जास्त शक्ती जाहीर केल्याची उदाहरणे

जाहीर आकडा मोठा आणि प्रत्यक्ष शक्ती कमी असल्यास नुकसान थेट ग्राहकाचे होते. १९९९ च्या फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रासाठी ३२० अश्वशक्ती जाहीर झाली होती. ही गाडी टर्बोरहित होती. मालकांच्या डायनो चाचण्यांत अपेक्षेपेक्षा कमी शक्ती आढळल्यावर फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि सेवन नलिका व निष्कास प्रणाली बदलून संगणकाची मांडणी सुधारली. अमेरिकेतील २००१ च्या माझदा एमएक्स-५ ची शक्ती १५५ वरून १४२ अश्वशक्ती अशी खाली आणावी लागली आणि माझदाने खरेदीदारांना गाडी परत घेण्याचा पर्याय दिला.

अधिकृत प्रमाणीकरण

अशा वादांच्या पार्श्वभूमीवर मोजणीच्या नियमांतील पळवाटा कमी करण्याचे प्रयत्न झाले. एसएई जे१३४९ मानकातील सुधारणांनंतर टोयोटा कॅमरीच्या तीन लिटर व्ही६ इंजिनाचा अमेरिकेतील जाहीर आकडा २१० वरून १९० अश्वशक्तीवर आला. इंजिन मात्र तेच होते. २००५ मध्ये आलेल्या एसएई जे२७२३ या ऐच्छिक पद्धतीनुसार उत्पादकाला अर्हताप्राप्त साक्षीदारासमोर चाचणी घ्यावी लागते. शेव्हरोले कॉर्व्हेट झी०६ चे ५०५ अश्वशक्तीचे इंजिन या पद्धतीने प्रमाणित झालेले पहिले इंजिन ठरले.

युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा ८५ वा विनियम लागू होतो. प्रकारमान्यतेच्या चाचणीत कमाल शक्तीबाबत जाहीर मूल्यापासून २ टक्के, तर उत्पादनातील इंजिनाबाबत ५ टक्के फरक त्यात ग्राह्य धरला जातो. एखाद्या गाडीची शक्ती जाहीर आकड्यापेक्षा ३-४ टक्क्यांनी कमी भरली, तर ती नियमबाह्य असेलच असे नाही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये विक्रीपूर्वी वाहनाला प्रकारमान्यता घ्यावी लागते. त्यासाठी नेमलेल्या चाचणी संस्थांमध्ये पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना यांचा समावेश होतो. वस्तूच्या गुणवत्तेविषयी दिशाभूल करणारी जाहिरात ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येते.

मर्यादा

स्वतंत्र डायनो चाचणी बहुधा एकाच गाडीवर होते. एका गाडीच्या निकालावरून संपूर्ण मॉडेलविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, कारण उत्पादनात थोडाफार फरक राहतोच. दोन कार्यशाळांच्या यंत्रांची परस्परांशी तुलनाही अविश्वसनीय असते. याउलट एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकाच इंधनावर दोन गाड्यांची किंवा बदलापूर्वीच्या व नंतरच्या एकाच गाडीची तुलना बरीच भरवशाची ठरते.

गाडी रोलरवर असल्याचे तिच्या संगणकाला ओळखता येते, हीदेखील एक मर्यादा आहे. २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन उत्सर्जन प्रकरणात सुकाणूचक्राची स्थिती, वेग आणि इंजिन चालल्याचा कालावधी यांसारख्या खुणांवरून चाचणी ओळखून गाडीचे वर्तन बदलणारी प्रणाली आढळली. ते प्रकरण शक्तीचे नव्हे, तर प्रदूषक वायूंचे होते. ते उजेडात येण्यास वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेल्या स्वतंत्र चाचण्या कारणीभूत ठरल्या. म्हणूनच जाणकार परीक्षक डायनोच्या निकालाला रस्त्यावरील त्वरणाच्या मोजणीची जोड देतात. गाडीचे वजन आणि ठरावीक अंतर तोडल्यावरचा वेग यांवरून शक्तीचा स्थूल अंदाज करता येतो, आणि तो डायनोवरील आकड्याशी जुळत नसल्यास चाचणी पुन्हा घेणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

• डायनामोमीटर
• अश्वशक्ती
• टर्बोचार्जर
• अंतर्ज्वलन इंजिन
• फोक्सवॅगन उत्सर्जन प्रकरण